दोन रात्रींचे गाव

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यास शेवटचे गाव बहुधा निवडावे लागत नाही. ते नोकरीने, नात्याने, नवसाने किंवा वैद्याच्या सल्ल्याने आधीच ठरलेले असते. निवडावे लागते ते मधले गाव, आणि मनुष्याची खरी रुची त्यातच उघडी पडते असे आमचे मत आहे. पंढरीच्या वारकऱ्यास ही पंचाईत नाही. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघाली की पुण्यास दोन रात्री, मग दिवेघाट चढून सासवडास दोन रात्री, हा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला. कोणत्या गावी उतरावे याविषयी नवराबायकोत वाद होण्यास तेथे जागाच ठेविलेली नाही. आम्हांस मात्र गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसहून मार्सेलिसला जावयाचे होते, मध्ये दोन रात्री मोकळ्या पडत होत्या, आणि त्या वाटेवर पुरातन गावांची इतकी दाटी आहे की आमच्या घरात तीन आठवडे दुसरा विषय निघाला नाही.

येथे 'आम्ही' या शब्दाचा थोडा खुलासा अवश्य आहे. मासिकात लिहिणाऱ्या एकट्या मनुष्याने स्वतःस आम्ही म्हणवावे ही जुनी वहिवाट आहे, व ती आम्हीही पाळतो. परंतु प्रवासातल्या आम्हीत आमची मंडळीही होती. हे दोन आम्ही सर्वत्र एकच नव्हेत, ही गोष्ट पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानात येईलच.

मार्सेलिस हे नाव मराठी घरास परके नाही. मुंबईहून विलायतेस जाणारे आपले कित्येक विद्यार्थी आणि होऊ घातलेले बॅरिस्टर त्या बंदरात बोटीतून उतरत आणि तेथून आगगाडीने सगळा फ्रान्स ओलांडून कॅलेस जात. रोन नदीचे अवघे खोरे रात्रीच्या रात्री त्यांच्या उशाखालून निघून जाई. त्याच बंदरात 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली, आणि त्या दिवसापासून ते नाव आपल्याकडे मुलांच्याही तोंडी झाले. आमचे तेथे जाण्याचे कारण याहून पुष्कळच साधे होते. आमची कन्या व जावई तेथे संशोधनाच्या कामानिमित्त राहतात. नातू दीड वर्षाचा आहे. जावयांचे आईवडील आमच्या आधी तेथे गेलेले होते, व त्यांची खोली रिकामी होण्यास दोन दिवस अवकाश होता. इतिहासाच्या ओढीने नव्हे, तर व्याह्यांच्या सोयीने आम्हांस हा मुक्काम लाभला, हे आरंभीच सांगितलेले बरे.

पॅरिस ते मार्सेलिस हे सुमारे साडेसातशे किलोमीटरांचे अंतर हल्लीची वेगवान आगगाडी तीन तास आणि वर काही मिनिटे एवढ्यात तोडते. म्हणजे थांबण्याची गरज अशी कोणासच राहिलेली नाही. पूर्वी घोडा दमला, नदीला पूर आला किंवा सूर्य मावळला, की जे गाव लागेल तेच मुक्कामाचे गाव ठरे. सोन आणि रोन या नद्यांच्या काठची कित्येक गावे वाटसरूंच्या अशा थांबण्यावरच पोसली गेली. आता वाटसरूस त्यांची गरज उरली नाही, तेव्हा ती गावे आपापला इतिहास पुढे मांडून त्याला बोलावीत बसली आहेत. गरज होती तोवर निवड नव्हती. गरज संपली आणि निवडीची डोकेदुखी सुरू झाली.

सल्ला देणाऱ्यांची उणीव नव्हती. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांनी चौदा दिवसांत युरोपातील नऊ देश उरकले आहेत. त्यांनी कागदावर आकृती काढून दिली : सकाळी नीम, दुपारी पों द्यु गारचा पूल, सायंकाळी आर्ल, दुसऱ्या दिवशी आव्हिन्यो, ओरांज, आणि वेळ उरल्यास आणखी काही. आपल्याकडे दोन दिवसांत अष्टविनायक करणारी मोटार असते, तिचीच ही फ्रेंच आवृत्ती. अष्टविनायकांत निदान पुण्य तरी पदरी पडते. मंडळींनी तो कागद शांतपणे वाचला आणि एकच नियम सांगितला : "सामान एकदाच उचलायचं आणि एकदाच ठेवायचं." त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत आहेत. ह्या एका नियमाने शेजाऱ्यांची आकृती निकालात निघाली, व आमचा प्रश्न पुष्कळ सोपा झाला : एक गाव, एक खोली, दोन रात्री.

मंडळींचा पहिला कौल बोन या गावाकडे होता. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ याने 1443 मध्ये तेथे गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. त्याचे रंगीत चकाकत्या कौलांचे छप्पर चित्रांतून अनेकांनी पाहिले असेल. लांबच लांब दालनात दोन्ही भिंतींशी खाटांच्या रांगा आहेत आणि टोकाशी प्रार्थनेची जागा. 1970 च्या सुमारापर्यंत ह्या संस्थेत रुग्ण राहत होते, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ हे घर ज्या कामासाठी बांधले त्याच कामी आले. मंडळींचे वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. दवाखान्याच्या पडवीतच त्यांचे बाळपण गेले, तेव्हा राजवाड्यांपेक्षा रुग्णालय पाहण्याची त्यांची इच्छा आम्हांस स्वाभाविक वाटली. त्या रुग्णालयासाठी रोगिर व्हान देर वेय्डेन या थोर चित्रकाराकडून अंतिम न्यायाचे एक भव्य चित्र करवून घेतलेले आहे. देवदूत तराजूत आत्मे तोलीत आहे, आणि पापी लोक नरकात कोसळत आहेत. हे चित्र रुग्णांच्या डोळ्यांसमोर असे, असे आम्ही सांगताच मंडळी म्हणाल्या, "आजाऱ्याच्या समोर असलं चित्र? उतरणारा ताप चढायचा!" तथापि बोन त्यांच्या मनातून गेले ते ह्या चित्रामुळे नव्हे. त्या रुग्णालयास दान मिळालेले द्राक्षमळे आहेत. 1859 पासून दर नोव्हेंबरात त्यांच्या मद्याचा लिलाव होत आला आहे, आणि गावाचा सगळा व्यवहार, सगळी प्रतिष्ठा त्याच एका पेयाभोवती फिरते. आम्ही उभयता द्राक्षे खातो ती नाशिकची, व घड संपला की थांबतो. ज्या गावच्या मुख्य विषयात आपणांस गती नाही, तेथे दोन रात्री राहणे म्हणजे गाण्याच्या बैठकीत बहिऱ्याने पुढे बसण्यासारखे आहे.

ल्यों शहराचा विचार आम्ही एका सायंकाळीच संपविला. जॅकार्डचा माग ज्याच्या नावे चालतो त्या जॅकार्डचे ते जन्मस्थान. 1831 मध्ये तेथील रेशीम विणणाऱ्यांनी मजुरीच्या दरासाठी बंड केले, तेही अभ्यासण्याजोगे आहे. परंतु ते मोठे नगर आहे, दोन रात्रीत त्याची ओळख व्हावयाची नाही.

त्यानंतर पाळी आली रोमन गावांची, आणि येथे आमचे मन अधिक गुंतले. नीम या नावाचा आपल्या कडुनिंबाशी काही संबंध नाही. तेथील मेझों कारे हे देवालय इसवी सनाच्या अगदी आरंभीचे असून जवळजवळ जसेच्या तसे उभे आहे. अमेरिकेच्या जेफर्सनने व्हर्जिनियाचे विधिमंडळ-भवन योजिले ते याच्याच नमुन्यावर. नीमच्या जाड कापडावरून 'डेनिम' हा शब्द आला असे सर्वत्र सांगतात. आणि तसल्याच जाडसर कापडाचे 'डंगरी' हे इंग्रजी नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडले. म्हणजे आजच्या तरुणांच्या विजारीवर रोमनांचे एक गाव आणि मुंबईचा एक मोहल्ला अशा दोघांचीही छाप आहे. हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले प्रथमच व्युत्पत्तिशास्त्राकडे आदराने पाहतात.

परंतु नीमचे खरे वैभव नीममध्ये नाही, ते गावाबाहेर आहे. युझेसजवळच्या झऱ्याचे पाणी नीमला आणण्यासाठी रोमनांनी सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा पाट बांधला, आणि एवढ्या अंतरात त्या पाटास उतार दिला तो तेरा मीटरांहूनही कमी. डोंगर फोडून, वळसे घालून, कोठेही पाणी साचणार नाही आणि कोठेही उसळणार नाही अशा बेताने हा उतार राखलेला आहे. वाटेत गार्दों नदी आडवी आली तेव्हा तिच्यावर कमानींचे तीन मजले चढविले. तोच पों द्यु गार. त्याची उंची अठ्ठेचाळीस मीटरांच्या वर भरते. पुण्यात वाढलेल्या मनुष्यास ह्या गोष्टीचे अप्रूप विशेष वाटते, कारण नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या पाण्याच्या आणि त्या नळांवरील हौदांच्या कथा त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. पाणी पायी चालत येते, त्याला कोणी ढकलावे लागत नाही, केवळ जमिनीचा कल ओळखावा लागतो, ही विद्या ज्यांना साधली त्या सर्वांविषयी आमच्या मनात एकसारखा आदर आहे. तथापि तो पूल पाहण्यास नीमहून मोटारीने जावयाचे, परत यावयाचे, त्यात एक दिवस जावयाचा; आणि मग नीममध्ये राहिलो ते कशासाठी, असे मंडळींनी विचारले. ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आर्लविषयी आमचा वाद सर्वांत लांबला, आणि तो गोडही होता. इसवी सन 90 च्या सुमारास बांधलेले तेथील रंगमंडळ सुमारे वीस हजार प्रेक्षकांचे. खाली साठ कमानी, वर साठ. तेथे माणसे आणि पशू झुंजत व मरत. रोमची सत्ता बुडाली, चहूंकडून टोळधाडी सुरू झाल्या, तेव्हा आर्लच्या लोकांनी ह्या दगडी कड्याचा उपयोग ओळखला. त्यांनी कमानी बुजविल्या, वर चार मनोरे उभारले आणि आत राहावयास गेले. पुढे शतकानुशतके त्या रंगणात एक आख्खे गाव नांदले. दोनशेंहून अधिक घरे, दोन देवळे, गल्ल्या, चौक, सगळे होते. जेथे पूर्वी माणसे मारण्याची करमणूक चाले, तेथे चुली पेटल्या, बारशी झाली, भांडणे झाली. मग एकोणिसाव्या शतकात प्राचीन वास्तूंचे प्रेम जागे झाले. 1825 पासून ती घरे विकत घेऊन पाडण्यास आरंभ झाला, आणि 1830 मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स घेतल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ त्या मोकळ्या केलेल्या रंगणात बैलांचा खेळ झाला. चार मनोऱ्यांपैकी तीन तेवढे राहू दिले.

आता यास जीर्णोद्धार म्हणावे की काय म्हणावे? रोमन काळचा खेळ चालला तो तीनचारशे वर्षे. त्याहून दुप्पट काळ तेथे लोक राहिले. दुप्पट काळाचा इतिहास खरवडून काढून निम्म्या काळाचा इतिहास चकचकीत करून दाखविला, आणि त्याला इतिहासाचे रक्षण असे नाव मिळाले. आमच्या एका सहाध्यापकांचे म्हणणे असे की, घरे पाडली नसती तर आज रंगमंडळ दिसलेच नसते. हे खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, काय दिसावे हे ठरविणाऱ्यांपैकी कोणी त्या रंगणात राहणारा नव्हता. मंडळींनी तर एकच गोष्ट विचारली : "ती दोनशे घरची माणसं गेली कुठं?" मार्गदर्शक पुस्तकात कमानींचा हिशेब असतो, हा नसतो.

चित्रकार व्हान गॉग 1888 च्या फेब्रुवारीत आर्लला आला आणि सव्वा वर्ष राहिला, एवढ्यात त्याच्या हातून चित्रांचा पाऊस पडला, हे सर्वश्रुत आहे. ज्या पिवळ्या घरात तो राहिला ते 25 जून 1944 रोजी बाँबवर्षावात पडले. त्याने रंगविलेल्या जागा दाखविण्यासाठी गावात फलक लाविले आहेत, आणि लोक फलकाकडे पाहून चित्र आठवितात व पुढे जातात. आम्हांस चित्रे आवडतात. परंतु चित्र जेथे नाही तेथे जाऊन ते आठविण्यापेक्षा चित्र जेथे आहे तेथे जाऊन पाहणे बरे.

एवढ्यावर आर्लचा निश्चय जवळजवळ झालाच होता. आव्हिन्यो त्या यादीत सर्वांत खाली होते, आणि त्याचे कारण मंडळींनी दोन शब्दांत सांगितले : "रिकामा वाडा." हे वर्णन अन्यायाचे म्हणता येणार नाही. 1309 मध्ये पोप रोमऐवजी येथे येऊन राहिला, आणि 1377 पर्यंत एकामागून एक सात पोपांनी येथून ख्रिस्ती जगावर अधिकार चालविला. गावही प्रथम त्यांचे नव्हते. 1348 मध्ये सहाव्या क्लेमेंटने ते नेपल्सची राणी जोआना हिच्याकडून ऐंशी हजार फ्लोरिनांस विकत घेतले, आणि पोप निघून गेले तरी गावाची मालकी 1791 पर्यंत त्यांच्या गादीकडेच राहिली. त्यांनी बांधलेला वाडा म्हणजे प्रचंड किल्लाच आहे. पण आत सामान नाही, पडदे नाहीत, आसने नाहीत. क्रांतीनंतर तेथे पलटणी राहिल्या. 1906 पर्यंत ती छावणीच होती, आणि शिपायांनी भिंतींवरची चित्रे खरवडून विकण्याचा धंदाही केला. रोन नदीवरचा बाराव्या शतकातला पूल, ज्यावर नाचण्याचे गाणे फ्रान्समधील प्रत्येक मूल म्हणते, तो बावीस कमानींचा होता. पुरांनी तो वारंवार मोडला, गावकऱ्यांनी वारंवार बांधला, शेवटी सतराव्या शतकात त्यांनी हात टेकले. आता चार कमानी उरल्या आहेत. तो नदीत थोडा आत जातो आणि थांबतो. पेट्रार्कने आपल्या लॉराला प्रथम पाहिले ते ह्याच गावी, 6 एप्रिल 1327 रोजी. ते देऊळही उरले नाही. एकंदरीत जे होते ते गेले, अशी ह्या गावाची ख्याती.

आम्ही ते यादीत ठेविले होते ते एका थडग्यासाठी. जॉन स्ट्युअर्ट मिल हा आव्हिन्योला पुरलेला आहे.

मिलचे नाव घेताच आमच्या वयाच्या वाचकांस काय वाटते ते सांगावयास नको. आगरकरांच्या पिढीने स्वतंत्र विचार करावयास आरंभ केला तो मिल आणि स्पेन्सर यांची पुस्तके उशाशी ठेवून. आपल्याकडील स्त्रीशिक्षण, संमतिवय, विधवाविवाह या वादांत त्याची वाक्ये तलवारीसारखी वापरली गेली. आणि योगायोग असा की, हा स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकर होता, हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे लिहिण्याच्या कामावर. 1858 मध्ये कंपनीचे राज्य संपले, आणि मिल निवृत्त झाला. पत्नी हॅरिएट हिची प्रकृती नाजूक होती. हिवाळा उबदार प्रदेशात काढावा म्हणून उभयता दक्षिणेकडे निघाली. आव्हिन्यो हा त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. तेथे हॉटेलात ती आजारी पडली, आणि 3 नोव्हेंबर 1858 रोजी वारली.

पुढे मिलने काय केले? स्मशानाजवळ एक लहानसे घर विकत घेतले, ज्या खोलीत ती वारली त्या खोलीतले सामान हॉटेलकडून घेऊन तेथे मांडले, आणि उरलेल्या पंधरा वर्षांत शक्य तितका काळ, तिच्या मुलीसह, त्या घरी काढला. स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील त्याचा ग्रंथ 1869 मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो लिहिला गेला ह्याच घरात. कीटकांचा थोर अभ्यासक फाब्र हा त्याचा तेथला स्नेही. 1873 च्या मे महिन्यात त्याच्याबरोबर वनस्पती पाहत मिल मैलोन् मैल भटकला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आव्हिन्योलाच वारला. ते घर आता उभे नाही. थडगे आहे.

हे सर्व आम्ही एका रात्री जेवणानंतर मंडळींस सांगितले. आम्ही तीस वर्षे वर्गात मिल शिकवीत आलो. तेव्हा सांगण्यात काही रंग भरला असेल, नाही असे नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिनं काय लिहिलं होतं?" आम्ही म्हणालो, 1851 मध्ये 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' या नियतकालिकात स्त्रियांच्या मताधिकारावर एक निबंध आला होता, तो तिचा. "नाव होतं तिचं त्याच्यावर?" नाव कोणाचेच नव्हते, पुढे 1859 मध्ये मिलने आपल्या संग्रहात तो घेतला तेव्हा मुख्यत्वे तिचाच असे सांगितले. 'स्वातंत्र्याविषयी' हा ग्रंथ त्याच साली, ती गेल्यावर, निघाला. त्यातील विचार तिच्याबरोबर केलेला आहे व प्रत्येक वाक्य दोघांनी मिळून तपासलेले आहे, असे त्याने स्वतः लिहून ठेविले आहे. मुखपृष्ठावर नाव एकाचे आहे. मंडळी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्या तिन्ही पुस्तकांच्या मुद्रणप्रती त्यांच्या हस्ताक्षरात आहेत, एवढी माहिती वाचकांस येथे देऊन ठेवतो.

"मग आव्हिन्योच," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मिलसाठी नाही हं. तिच्यासाठी."

तीन आठवड्यांचा वाद असा मिटला. व्यवहाराच्या दृष्टीनेही निवड चांगली ठरली, हे प्रवासाचा बेत करणाऱ्यांसाठी नमूद करतो. वेगवान गाड्यांचे स्टेशन गावाबाहेर आहे, परंतु तेथून लहान गाडी पाच-सहा मिनिटांत जुन्या स्टेशनावर आणून सोडते, आणि समोरच गावकोटाचा दरवाजा. कोट चार किलोमीटरांहून थोडा अधिक लांब, त्याच्या आतले गाव पायी फिरण्याजोगे. आर्ल तेथून गाडीने वीस मिनिटे. जुलैत मात्र जाऊ नये. 1947 पासून तेथे नाट्यमहोत्सव भरतो आणि खोली मिळत नाही. ज्या हॉटेलात हॅरिएट वारली ते आजही चालू आहे. त्याचे दर पाहून आम्ही दारावरूनच नमस्कार केला व एका बाईंच्या घरी वरची खोली घेतली.

आम्ही पोचलो तो 31 ऑक्टोबरचा दिवस. स्टेशनापासून घरापर्यंत प्रत्येक फुलवाल्याच्या दारात शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या मांडलेल्या, पिवळ्या, पांढऱ्या, तांबूस. मंडळी हरखून गेल्या. लक्ष्मीपूजनाची शेवंती आव्हिन्योत भेटेल असे त्यांस स्वप्नीही वाटले नव्हते. कन्येकडे न्यावयास त्यांनी लगेच एक पांढरी कुंडी घेतली. घरमालकीणबाईंनी ती पाहिली आणि मोठ्या काळजीने विचारले, कोण वारले? तेव्हा उलगडा झाला. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्या वेळी सगळा फ्रान्स आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती नेऊन ठेवतो, आणि म्हणूनच तेथे हे फूल कोणी कोणाच्या घरी भेट नेत नाही. आपल्याकडे जे देवाला आणि वेणीत, ते त्यांच्याकडे मृतांना. मंडळी म्हणाल्या, "बरं झालं. आता उद्या रिकाम्या हातानं जायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटाबाहेर पूर्वेकडे सँ-व्हेराँच्या स्मशानात गेलो. स्मशान म्हणण्याची जीभ होत नव्हती, इतकी तेथे वर्दळ. आजोबा, नातवंडे, पाण्याच्या झाऱ्या, फडकी. लोक दगड धुऊन पुसून कुंड्या नीट मांडीत होते आणि शेजारच्या थडग्यावर आलेल्यांशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत होते. मिल पतिपत्नींच्या पांढऱ्या संगमरवरी थडग्यापाशी मात्र कोणी नव्हते. त्यांचे त्या गावात कोण असणार? वरच्या शिळेवर इंग्रजीत लांबलचक लेख आहे, तो मिलने लिहिला आणि तो सर्व तिच्याविषयी आहे. आम्ही तो मंडळींस मोठ्याने वाचून दाखविला. तिचे अंतःकरण, तिची बुद्धी, तिचा मोठेपणा, सगळे त्यात आहे, आणि लिहिणाऱ्याचे दुःख अजून ओले वाटते. मंडळी लक्ष देऊन ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. पण तिच्या निबंधाचं नाव कुठं आलं नाही." आम्ही पुन्हा पाहिले. आलेले नाही. मंडळींनी कुंडी शिळेच्या कडेला ठेविली, पदराने तेथली पाने झाडली, आणि आम्ही निघालो.

त्या दुपारी पोपांचा वाडा पाहिला. मंडळी अर्ध्या जिन्यावर बसल्या व तेथूनच परतल्या. आम्ही पुढे सर्व दालने हिंडलो, आणि दालनांतला रिकामेपणा आम्हांस अपेक्षेहून अधिक आवडला. सायंकाळी मिस्त्राल नावाचा उत्तरेचा प्रसिद्ध वारा सुटला. खिडक्यांच्या फळ्या रात्रभर वाजत होत्या. वाऱ्यात पुलावर जाणे झाले नाही. काठावरूनच चार कमानी मोजल्या. आर्ल राहिले ते राहिलेच.

हा लेख मुद्रणास जाण्यापूर्वी मंडळींनी वाचला, आणि 'आम्ही पुढे सर्व दालने हिंडलो' येथे 'मी' घालावे असे सुचविले. मासिकाची वहिवाट मोडता येत नाही म्हणून तसेच ठेविले आहे.

मार्सेलिसहून आर्ल गाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. पुढल्या आठवड्यात मायलेकी तेथे जाऊन आल्या. आम्ही घरी नातवाजवळ होतो. रात्री कन्येने सांगितले की, आई रंगमंडळाच्या मनोऱ्यावर वरपर्यंत चढली, आणि तेथून बराच वेळ खालच्या मोकळ्या रंगणाकडे पाहत कोणते घर कोठे असेल ते दाखवीत होती. गुडघ्याचे नाव काही कोणी काढले नाही.